रक्तविकार आणि कर्करोग : जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरने कुठवर हात घालावा?

धागाकर्ता (जनरल मेडिसिन)

रक्ताचा कर्करोग किंवा गंभीर रक्तविकार झालेला रुग्ण सहसा थेट तज्ज्ञाकडे जात नाही. ताप, थकवा, पाठदुखी किंवा हिरड्यांतून येणारे रक्त यांपैकी कशासाठी तरी तो आधी जनरल हॉस्पिटलमध्ये येतो, आणि त्याचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या पहिल्या काही तासांतल्या निर्णयांवर ठरते. असे असूनही आपल्यापैकी अनेक जण सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावरचे तीन आकडे पाहतात आणि ‘हिमॅटॉलॉजी ओपिनियन’ (रक्तविकारतज्ज्ञाचे मत घ्या) असा शेरा लिहून मोकळे होतात. मला हे हात झटकणे वाटते.

काही वर्षांपूर्वी एका रात्री तिशीतल्या एका स्त्रीला दाखल केले होते. तिला ताप होता, बोलणे किंचित असंबद्ध होते, हिमोग्लोबिन ७.२ आणि प्लेटलेट १४,००० होत्या. तापामुळे प्लेटलेट घटल्या असाव्यात असे धरून प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्याही गेल्या होत्या. मी प्रयोगशाळेत जाऊन स्मिअरची (रक्ताचा पातळ थर पसरलेली) काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक क्षेत्रात शिरस्त्राणासारख्या, त्रिकोणी, कडा तुटलेल्या तांबड्या पेशी होत्या. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचण्या नॉर्मल होत्या, पेशी फुटल्या की वाढणारे एलडीएच खूप वाढलेले होते. हे चित्र टीटीपीचे होते, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट संपणाऱ्या आणि तांबड्या पेशी तुटणाऱ्या आजाराचे. उपचाराविना या आजारात सुमारे ९० टक्के रुग्ण दगावतात आणि वेळेवर प्लाझ्मा एक्स्चेंज (रुग्णाचा रक्तद्रव काढून दात्याचा देणे) मिळाले तर बहुतेक वाचतात. प्राणघातक रक्तस्राव होत नसेल तर या रुग्णाला प्लेटलेट देऊ नयेत, म्हणून आम्ही पिशव्या परत केल्या, तात्पुरता प्लाझ्मा चालू केला आणि एक्स्चेंजची सोय असलेल्या ठिकाणी तिला त्याच रात्री हलवले. तज्ज्ञाच्या मतासाठी सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून प्रत्येक जनरल डॉक्टरने स्मिअर स्वतः पाहावा आणि या विषयाची पायाभूत माहिती आपलीच जबाबदारी मानावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ (कर्करोगतज्ज्ञ)

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आपण यशस्वी झालेली एक रात्र सांगितली. माझ्याकडे येणारे रुग्ण मात्र दुसरी बाजू घेऊन येतात.

हाडे दुखतात आणि बारीक ताप येतो म्हणून एका लहान मुलाला संधिवात समजून स्टेरॉइड दिले गेले. त्याला आठवडाभर बरे वाटले. तो आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा रक्तात ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी दिसत नव्हत्या आणि अस्थिमज्जेची तपासणीही निर्णायक नव्हती. आजार दबला होता, गेला नव्हता. ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) निदान हाती लागेपर्यंत महिना वाया गेला. मानेतल्या गाठींचेही असेच होते. आधी एफएनएसी (सुईने पेशी खेचून तपासणी) करतात, मग अंदाजाने स्टेरॉइड देतात, गाठ विरते आणि बायोप्सीत मेलेल्या पेशींखेरीज काही मिळत नाही. लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा) प्रकार ठरवायचा तर पूर्ण गाठ काढून तिची रचना पाहावी लागते, सुईने खेचलेल्या पेशींवरून ते सहसा होत नाही. पोट फुगले की सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारी रक्तचाचणी) पाठवायचे आणि आकडा वाढला की नातेवाइकांना ‘कर्करोग’ सांगून टाकायचा, हेही नेहमीचे झाले आहे. एंडोमेट्रिओसिस या गर्भाशयाच्या अस्तराच्या आजारात आणि पोटाच्या क्षयातही तो आकडा वाढतो.

अर्धवट माहितीवर केलेला उपचार हा उशिरापेक्षा वाईट असतो. जनरल डॉक्टरने शंका घ्यावी आणि रुग्ण पाठवावा, त्यापुढे जाऊ नये.

धागाकर्ता

आपण दिलेली उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. ज्याने त्या मुलाला स्टेरॉइड दिले त्याला ल्युकेमियाची शंकाच आली नाही, मग ‘शंका घ्या आणि पाठवा’ हा नियम त्याला कसा अडवणार होता? हाडे दुखणाऱ्या मुलाला स्टेरॉइड देण्यापूर्वी सीबीसी आणि स्मिअर पाहायचा, हेच तर पायाभूत ज्ञान आहे.

काही आजारांत नुसते पाठवणेही अपुरे पडते. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया एके काळी सर्वांत झपाट्याने जीव घेणारा ल्युकेमिया होता. १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेन-यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एट्रा हे तोंडाने घ्यायचे औषध वापरले आणि चित्र पालटले. आज हा सर्वाधिक बऱ्या होणाऱ्या ल्युकेमियांपैकी एक आहे. तरीही पहिल्या काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने रुग्ण दगावतात. म्हणून शंका आली की जनुकीय अहवालाची वाट न पाहता एट्रा सुरू करतात आणि प्लेटलेट व फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) सावरून धरतात. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या तरुणाच्या स्मिअरमध्ये काड्यांची मोळी भरल्यासारख्या ऑवर रॉड (काडीसारखे कण) असलेल्या, या ल्युकेमियाची खूण असलेल्या पेशी दिसल्या, तर त्याला नुसती चिठ्ठी देऊन लांबच्या प्रवासाला पाठवायचे का?

प्रतिसाद २ (पॅथॉलॉजिस्ट)

स्मिअरचा विषय निघाला म्हणून लिहिते. धागाकर्त्यांचा आग्रह मला सुखावतो, पण तो थोडा आवरायला हवा.

यंत्राने प्लेटलेट ९,००० दाखवल्या, रुग्णाच्या अंगावर एकही डाग नाही आणि स्मिअरच्या शेपटाकडच्या कडेला प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके दिसत आहेत, हा प्रसंग माझ्या टेबलावर वारंवार येतो. ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे नळीतच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. सायट्रेटच्या नळीत नमुना पुन्हा घेतला की बहुतेक वेळा खरा आकडा कळतो. तोवर कुणी स्टेरॉइड सुरू केलेले असते, कुणी शस्त्रक्रिया पुढे ढकललेली असते. इथे ड्यूटीवरच्या डॉक्टरने काच पाहायची सवय ठेवली तर नक्कीच लाभ आहे.

मात्र टीटीपीच्या बाबतीत मी सावध करीन. बी-१२ च्या तीव्र कमतरतेतही प्लेटलेट घटतात, एलडीएच हजारोंत जाते आणि तुटक्या तांबड्या पेशीही दिसतात. फरक असा, की तिथे रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) कमी असतात, सरासरी पेशी मोठी असते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा खंड असतात. अशा रुग्णाला प्लाझ्मा एक्स्चेंजला पाठवलेले मी पाहिले आहे, त्याला बी-१२ ची इंजेक्शने पुरली असती. काच नीट वाळली नाही तरी पेशी वेड्यावाकड्या दिसतात. दोन तुटक्या पेशींवरून सुतावरून स्वर्ग गाठू नये. काच अवश्य पाहा, पण निर्णयाआधी मला फोन करा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

प्रतिसाद ३ (अपघात विभाग)

इथली चर्चा वाचताना मला प्रामाणिकपणे वाटते, की आपण सर्व जण निवांत वेळ असलेल्या डॉक्टरची कल्पना करून लिहीत आहात. माझ्या ड्यूटीत सूक्ष्मदर्शकापाशी जाणे घडत नाही आणि ते माझे काम आहे असे मी मानत नाही. जे माझ्या हातून चुकले तर रुग्णाचे कायमचे नुकसान होईल तेवढेच मला शिकवा.

माझ्या मते त्यात दोनच गोष्टी अग्रक्रमाने येतात. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला एकदा जरी ३८.३ सेल्सिअस किंवा सलग तासभर ३८ ताप असेल आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील किंवा जाण्याची शक्यता असेल, तर कल्चर (जंतूंच्या तपासणीसाठी रक्त) घेऊन तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झालेच पाहिजे. हा रुग्ण आजारी दिसेलच असे नाही. पू तयार करायला पांढऱ्या पेशीच नसतात, त्यामुळे छातीचा फोटोही स्वच्छ येऊ शकतो. आमच्याकडे हे डॉक्टरच्या स्मरणशक्तीवर सोडलेले नाही, परिचारिकेकडे कायमची लेखी सूचना असते. दुसरी गोष्ट पाठदुखीची. कर्करोगाच्या रुग्णाची पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय जड वाटू लागले, तर गाठीचा मज्जारज्जूवर दाब असू शकतो, म्हणून त्याच दिवशी डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय. उपचार सुरू होताना चालणारा रुग्ण बहुधा पुढेही चालतो, पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे अवघड असते. बाकी सारे वॉर्डातल्या डॉक्टरने पाहावे.

प्रतिसाद १ (कर्करोगतज्ज्ञ)

एट्राच्या बाबतीत मी माझे म्हणणे मागे घेतो. तिथे फोनवर बोलून पहिला डोस जनरल हॉस्पिटलमध्येच द्यावा. मज्जारज्जूवर दाब येत असेल तर स्टेरॉइडला माझा विरोध नाही, कारण तिथे ऊतीच्या नमुन्यापेक्षा पाय मोलाचे आहेत. पण निदान न झालेल्या गाठीला स्टेरॉइड नको, हे मी पुन्हा सांगतो, आणि ‘जबाबदारी आपली’ या शब्दांतून कुणी उपचार आपल्याकडेच ठेवण्याचा अर्थ काढू नये.

अपघात विभागाच्या डॉक्टरांनी ‘बाकी सारे’ म्हणून जे बाजूला ठेवले त्यात मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) आहे. साठीतला माणूस पाठदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेतो, हिमोग्लोबिन ८ असते म्हणून लोहाच्या गोळ्या घेतो आणि क्रिएटिनिन वाढल्यावर मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जातो. तिन्ही कागद एका टेबलावर कुणी ठेवतच नाही. कॅल्शियम आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रथिनांची तपासणी) पाठवले असते तर त्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाची आणखी हानी झाली नसती. हे काम वॉर्डातल्या डॉक्टरखेरीज कुणी करू शकत नाही, इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

माझी मागणी साधी आहे. रक्त चढवण्यापूर्वी एक काच करून ठेवा आणि फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ व फॉलेटसाठी नमुना काढून ठेवा. पिशवी चढल्यावर दुसऱ्याच्या पेशी मिसळतात आणि आम्हाला मूळ चित्र दिसत नाही.

धागाकर्ता

हे आजपासूनच आमच्या वॉर्डात लागू करतो. काच रुग्णासोबतच पाठवू, पाकिटावर तारीख आणि वेळ लिहून.