चर्चा: नौसैनिकांना फेरीबोटीत झोपवणे ही काटकसर होती की हलगर्जी?

घाटावरचा गुरुजी: वैनगंगेवर पूल झाल्यावर आमच्या घाटावरचा डोंगा दोन पावसाळे काठावर पालथा पडून होता, सिडनीच्या ‘कुट्टाबुल’चेही तेच झाले. १९२२ साली बांधलेली, दोन हजारांवर उतारू नेणारी ही फेरीबोट १९३२ मध्ये हार्बर ब्रिज खुला होताच बिनकामाची ठरली आणि १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलाने ती ताब्यात घेऊन गार्डन आयलंडच्या धक्क्याला नौसैनिकांचे वसतिस्थान म्हणून बांधली. १ जून १९४२ च्या मध्यरात्रीनंतर जपानी बटू पाणबुडीने अमेरिकी क्रूझर (मोठी युद्धनौका) ‘शिकागो’वर सोडलेला टॉर्पेडो नेम चुकून तिच्याखाली फुटला आणि एकोणीस ऑस्ट्रेलियन व दोन ब्रिटिश नौसैनिक प्राणास मुकले. माझ्या मते ही निव्वळ हलगर्जी होय.

लाखांदूरकर: गुरुजी, दृष्टांत पटला, निष्कर्ष पटला नाही. निवडणुकीत लालपरी मतदान पथके नेते, म्हणून तिला कोणी चिलखत मागत नाही. दोष उजेडाचा होता. रात्री साडेदहाच्या सुमारास दुसऱ्या एका पाणबुडीने बंदराच्या संरक्षक जाळ्यात अडकून स्वतःला उडवून घेतले होते, तरी गोदीचे प्रखर दिवे बारा पंचवीसपर्यंत जळत राहिले आणि त्यानंतर पाचेक मिनिटांत टॉर्पेडो सुटला.

घाटावरचा गुरुजी: दिव्यांचे मान्य, भाऊ. परंतु तिचीच जोडीदार ‘कूमपार्टू’ डार्विनला बंदराच्या संरक्षक जाळ्याचे दार उघडण्या-मिटण्याच्या कामी लावली गेली, म्हणजे फेरीबोटीला शोभेसे काम नौदलाला सुचत होते. माझा आक्षेप बोटीवर नाही, तर शत्रूची नजर जिच्यावर पडणार त्या क्रूझरच्या आसपास माणसांची अंथरुणे घालण्यावर आहे.

पवनीची लेक: दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली. बंदराचे नौदल प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल म्युरहेड-गोल्ड यांनी त्या रात्री उतारूंच्या फेऱ्या चालूच ठेवल्या, कारण बोटींची वर्दळ असली म्हणजे पाणबुड्या वर येणार नाहीत, असा त्यांचा कयास होता. तेव्हा गुरुजी, नौदलात नोंदलेली एकच बोट मोजून कसे चालेल? तिकीट काढून बसलेल्यांना तर आपण कोणत्या कामी आलो, हे कोणी सांगितलेही नसेल.

लाखांदूरकर: ताई, हे मात्र मलाही समर्थनीय वाटत नाही.