लिनिअर फेज इक्वलायझर म्हणजे आपोआप शुद्ध आवाज?

खर्ज (धागाकर्ता):
डिजिटल इक्वलायझर लिहिणारे बरेच जण हल्ली लिनिअर फेजलाच, म्हणजे सगळ्या वारंवारतांना सारखाच उशीर देऊन त्यांची फेज (लहरींची वेळेतली जागा) न विस्कटणाऱ्या प्रकाराला, सर्वात शुद्ध मानतात. मला हे पटत नाही, लाइव्ह मैफलीसाठी तर मुळीच नाही.

हॉलची 60 हर्ट्झजवळची घुमारी कापायची तर लिनिअर फेजसाठी एफआयआर फिल्टर (सलग सँपलना गुणकांनी गुणून बेरीज करणारा) लांबलचक लागतो. 48 किलोहर्ट्झला 4097 टॅप (म्हणजे तितके गुणक) म्हणजे 2048 सँपलचा उशीर, सुमारे 43 मिलिसेकंद. मॉनिटरमधून स्वतःचा आवाज इतका मागून आला तर गायकाने लय कशी सांभाळायची? बायक्वाड हा स्वतःचं आधीचं आउटपुटही वापरणारा छोटा फिल्टर तेच काम पाच गुणकांत करतो. शिवाय ही घुमारी बहुतांशी मिनिमम फेज असते, म्हणजे तिची फेज तिच्या पातळीवरूनच ठरते. तिच्या नेमका उलटा कट दिला की पातळीबरोबर फेजही सरळ होते.

डग्गाप्रेमी:
लाइव्हचं मान्य, पण सरसकट निकाल नको. रेकॉर्डिंगला तबल्याचा आणि डग्ग्याचा माइक वेगळा असतो, आणि डग्गा दोन्हींत शिरतो. तबल्याच्या माइकवर 120 हर्ट्झला दर सप्तकाला 24 डीबी उताराचा बटरवर्थ प्रकारचा लो-कट (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावून बघा. कटऑफलाच फेज 180 अंश फिरते. दोन ट्रॅक मिसळले की डग्ग्याची घुमक तिथेच मार खाते. लिनिअर फेजने हे होत नाही, आणि स्टुडिओत उशीर सॉफ्टवेअर भरून काढतं.

खर्ज:
मग प्री-रिंगिंगचं काय? लिनिअर फेज फिल्टरचा प्रतिसाद दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे 'ना' वाजण्याआधीच त्याची कुजबुज सुरू. थापेनंतरचं पुष्कळसं कान झाकून घेतो, आधीचं फार थोडं.

फिल्टरवाला:
तिसरा मार्ग आहे. बटरवर्थऐवजी तितक्याच उताराचा लिंकविट्झ-रायली प्रकारचा लो-कट घ्या आणि डग्ग्याच्या माइकवर 120 हर्ट्झचा, 0.707 क्यूचा (क्यू म्हणजे फिल्टरची तीव्रता) दुसऱ्या ऑर्डरचा ऑलपास, म्हणजे पातळी न बदलता फक्त फेज फिरवणारा फिल्टर, लावा. दोघांची फेज तंतोतंत जुळते. खर्च एका बायक्वाडचा, प्री-रिंगिंग शून्य.

डग्गाप्रेमी:
गणित बरोबर आहे. पण त्या ऑलपासमुळे डग्ग्याचा 120 हर्ट्झजवळचा भाग जवळजवळ पावणेचार मिलिसेकंद मागे सरकतो आणि वरचा भाग जागेवर राहतो. 'धा'मध्ये तबला-डग्गा एकाच क्षणी पडायला हवेत, म्हणून रेकॉर्डिंगला मी लिनिअर फेजच वापरणार.

खर्ज:
मी आधी 24 ऐवजी 12 डीबीचा लो-कट लावून ऐकेन. उतारच जर सौम्य चालत असेल, तर हा सगळा फेजचा प्रश्नच निम्मा होतो.