राउंड बारला आडवं होल मारताना ड्रिल सरकतं, घरच्या मशीनवर कसं करायचं?

कोळपं_दुरुस्ती: नमस्कार मंडळी. घरी बेंच ड्रिल आहे, १३ मिमी चकचं (ड्रिल धरणारा जबडा). कोळप्याच्या पिना करायच्यात, १२ मिमी एमएस (माइल्ड स्टील) राउंड बार आणि टोकाजवळ ३.२ मिमीचं आरपार होल, स्प्लिट पिनसाठी (पिन निसटू नये म्हणून घालतात ती दुपाखी खीळ). सेंटर पंच मारला तरी गोलाईवर ड्रिल घसरतं आणि पलीकडून होल एका अंगाला निघतं. शेजारचे म्हणतात पक्कडीत धर आणि मार, पण मला त्याची भीती वाटते. व्ही ब्लॉक (गोल बार बसवायला व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) घ्यायलाच लागेल का?

टूलरूम_काका: पक्कडीत अजिबात धरू नका! वरून आत जाताना काही वाटत नाही, पण ड्रिल खालून बाहेर पडताना धार पकडते आणि जॉब गरकन फिरतो, मनगट मोडू शकतं. व्ही ब्लॉक घ्याच, क्लॅम्पसकट, आणि तो वाईसमध्ये (शिकंज्यात) धरून वाईस टेबलला बोल्टने आवळा. बारचं लांब टोक डावीकडे ठेवा, म्हणजे चुकून फिरलाच तर मागच्या कॉलमला अडेल, तुमच्या अंगावर येणार नाही. हातमोजे नकोत, चष्मा हवाच.

आता सेंटर, म्हणजे ड्रिल बारच्या गोलाईच्या बरोबर मधोमध आणणं. मशीन बंद ठेवून बारवर सहा इंची स्केल आडवी ठेवायची, चकातल्या सेंटर ड्रिलचं टोक हलकेच तिच्यावर टेकवायचं. स्केल डावीकडे झुकली तर जॉब थोडा डावीकडे घ्या, उजवीकडे झुकली तर उजवीकडे. सपाट राहिली की सेंटर मिळालं. मग सेंटर ड्रिलनेच सुरुवात करा, ते आखूड आणि कडक असतं त्यामुळे वाकत नाही.

लेथवाला_सांगली: काकांशी सहमत, फक्त मी आधी कानशीने बारीकशी सपाटी करून घेतो, पिनेला काही फरक पडत नाही. स्पीड कमी ठेवू नका, एमएसला ३.२ चं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल २५०० आरपीएमच्या आसपास चालतं, बेल्ट त्या पुलीवर टाका. थोडं आत, परत बाहेर, बुरादा काढायचा, तेलाचा थेंब सोडायचा. शेवटचे दोन मिमी हात एकदम हलका.

टूलरूम_काका: सपाटी तिरकी झाली तर ड्रिल तिकडेच पळणार, त्यापेक्षा स्केल बरी.

कोळपं_दुरुस्ती: स्केलची आयडिया झकास! पण पिना वीसेक आहेत, प्रत्येक वेळी सेंटर काढायचं?

लेथवाला_सांगली: नाही ओ, सेंटर एकदाच. वाईस आणि व्ही ब्लॉक हलवायचा नाही, फक्त बार बदलायचा. बारच्या टोकाला एक स्टॉपर लावा, लांबीही सारखी येईल. आणि दोन्ही बाजूंची बर (होलच्या कडेला उरलेली धारदार कड) काढताना काउंटरसिंक (होलचं तोंड तासायचं शंकूसारखं टूल) गोलाईवर सगळीकडे सारखा लागत नाही, बारीक गोल कानस फिरवा, नाहीतर पिन भोकात अडकते.