सायप्रसमधलं घर विकायचंय: भाव धरून बसायचं की उतरवून मोकळं व्हायचं?

पाफोसकर

माझं मत आधीच टाकतो, मग काय ते भांडा. सायप्रसमध्ये बाहेरून येऊन राहिलेल्या माणसाने घर विकायला काढताना 'मी यात किती घातले' हा आकडा डोक्यातून काढूनच टाकावा आणि आज विमानातून उतरणारं गिऱ्हाईक किती देऊ शकतं तेवढाच भाव पहिल्या दिवशी लावावा. आधी चढवून ठेवू, घासाघीस होईल तेव्हा उतरू, ही चाल इथे अंगाशी येते.

पाफोसच्या आसपास म्हणजे पेया, ताला, कोरल बे या पट्ट्यात ब्रिटिश पेन्शनरांचे बंगले विकायला लागलेले असतात आणि काही इतकी वर्षं लागलेत की जाहिरातीच्या फोटोत जे रोप दिसतं त्याचं आता झाड झालंय. यातल्या बऱ्याच जणांनी २००६-०७ च्या तेजीत घेतलेलं. तेव्हा इथे युरो नव्हता, सायप्रस पौंड होता, तो २००८ ला ०.५८५२७४ पौंडाला एक युरो या दराने बदलला. म्हणजे २ लाख सायप्रस पौंडांचं घर धरा, त्याचे झाले साधारण ३ लाख ४२ हजार युरो, आणि हा आकडा आजोबांच्या डोक्यात खिळा मारून बसवलेला असतो. वर स्विमिंग पूल, वर पर्गोला (अंगणातला मांडव), वर नवीन किचन, सगळं बेरीज करून चार लाखाच्या वर मागणार. मधे २००८ ची मंदी गेली, मार्च २०१३ ला बँका बुडायची वेळ आली आणि बँक ऑफ सायप्रसमध्ये १ लाख युरोच्या वरच्या ठेवींना कात्री लागली, ब्रेक्झिट झालं, पण आजोबांचा आकडा जागचा हलत नाही.

आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक बाहेरचं आहे. त्याच्या खिशात ब्रिटिश पौंड आहेत. २००७ च्या सुरुवातीला एका पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळायचा, तेव्हा ३ लाख युरोचं घर त्याला २ लाख पौंडात पडायचं, आता १.१५ धरलं तर त्याच घराला २ लाख ६१ हजार पौंड लागतात. म्हणजे तुम्ही भाव एक पैशानेही वाढवला नाही तरी त्याच्यासाठी घर महाग झालंय!

खडूस काका

साफ असहमत. हे सगळं एजंट लोकांचं तत्त्वज्ञान आहे बरं का, लवकर विका, वास्तव स्वीकारा, कारण त्यांना कमिशन लवकर पाहिजे. ३ लाखाचं घर २ लाख ७० ला गेलं तर ५ टक्क्याने एजंटचे दीड हजार युरो कमी होतात, तुमचे ३० हजार. सल्ला कोणाच्या सोयीचा ते बघा आधी.

दुसरं, थांबायला खर्च काय येतो ते सांगा ना. सायप्रसमध्ये स्थावर मालमत्ता कर २०१७ पासून बंदच झालाय, राहिलं काय तर नगरपालिकेची किरकोळ पट्टी, कचऱ्याचे पैसे, कॉम्प्लेक्स असेल तर मेंटेनन्स. ज्याच्यावर कर्ज नाही तो माणूस का म्हणून पडत्या भावात द्यायला धावेल? लिमासोलमध्ये ज्यांनी २०१४-१५ ला घाबरून फुंकून टाकलं ते आज हळहळतायत. बेटावर जमीन वाढत नसते साहेब.

लिमासोलवासी

काका, लिमासोलचं उदाहरण पाफोसच्या डोंगरातल्या बंगल्याला लावू नका प्लीज. लिमासोलचे भाव का चढले ते बघा. आधी २० लाख युरोचं घर घ्या नि पासपोर्ट मिळवा ही स्कीम होती, तिच्या जोरावर समुद्राकाठी टॉवर उभे राहिले. २०२० च्या ऑक्टोबरात अल जझीराने गुप्त कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवल्यावर नोव्हेंबरपासून स्कीमच बंद. सगळ्यांना वाटलं आता कोसळणार, तर २०२२ नंतर रशिया-युक्रेनकडच्या आयटी कंपन्या माणसांसकट इकडे आल्या आणि भाडी आभाळाला भिडली. यातलं काहीही घरमालकाच्या संयमामुळे झालेलं नाहीये, मॉस्को, कीव, ब्रुसेल्समध्ये काय घडतंय त्यावर झालंय. आणि त्या टॉवरला आलेला माणूस तालाला टेकडीवरचा वीस वर्षं जुना, गुडघे दुखणाऱ्याला पायऱ्या चढायला लावणारा बंगला बघायलासुद्धा जात नाही.

(आणि आमच्यासारखे भाड्याने राहणारे, इथल्याच पगारावर जगणारे लोक या चर्चेत कुठेच नसतात, असो, तो वेगळा धागा होईल.)

हिशेबनीस

पाफोसकर, तुमचं गणित अर्धंच आहे हो. पौंड घसरला म्हणजे घेणाऱ्याला महाग हे बरोबर, पण विकणारा पण ब्रिटिशच आहे ना? त्याने ३ लाख ४२ हजार युरोच्या तोडीचं घर घेतलं तेव्हा १.४८ च्या दराने त्याचे गेले साधारण २ लाख ३१ हजार पौंड. आज तेच घर त्याने फक्त २ लाख ९० हजार युरोला विकलं आणि १.१५ ने पैसे घरी नेले तर हातात येतात २ लाख ५२ हजार पौंड. युरोत बघितलं तर ५२ हजाराचं नुकसान, पौंडात बघितलं तर २१ हजार जास्त! मग हा माणूस रडतोय कशासाठी? ज्या चलनात पुढचं आयुष्य काढणार त्यात हिशेब करा ना.

अर्थात २००७ पासूनची महागाई धरली तर ते २ लाख ५२ हजार आज कमीच आहेत हे मान्य. पण ते नुकसान होऊन गेलंय, अजून पाच वर्षं पाटी लावून बसल्याने ते भरून येणार नाही.

खरे मेले ते स्विस फ्रँकमध्ये कर्ज काढलेले. तेव्हा व्याज कमी म्हणून गळ्यात मारलं होतं बऱ्याच जणांच्या. २००७ ला एका युरोला १.६५ च्या आसपास फ्रँक मिळायचे, १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोशी दर धरून ठेवणं सोडलं आणि युरो-फ्रँक जवळजवळ बरोबरीला आले. युरोत मोजलं तर न फेडलेलं मुद्दल दीडपटीच्या वर गेलं. त्यांना भाव धरून बसायची चैन नव्हती आणि उतरवून विकायचीही सोय नव्हती, कारण विकून कर्जच फिटत नव्हतं.

खडूस काका

हिशेबनीस, हे पौंडाचं गणित आवडलं पण ते माझ्याच बाजूचं आहे. म्हणजे विकणाऱ्याला काही आग लागलेली नाही. मग थांबू दे की त्याला!

मीनल_लार्नाका

काका, आग नाही पण वय आहे. विकायला काढणारे बहुतेक पंच्याहत्तरीच्या पुढचे, दोघांतलं एक गेलेलं, दुसऱ्याला मुलांजवळ परत जायचंय, गाडी चालवता येत नाही म्हणून गावातून हॉस्पिटलला जायची पंचाईत. थांबायला खर्च नाही म्हणता, बंद घर बघितलंय का इथे हिवाळ्यात? भिंतींना ओल येते, बुरशी धरते, पूल हिरवागार होतो, बाग जळते, मग येणारा माणूस आत शिरल्या शिरल्या नाक मुरडतो आणि त्या वासाचेच वीस हजार कमी करून सांगतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी चांगली ऑफर नाकारली, का तर शेजारणीने जास्त मागितलेत म्हणून. मागितलेत! मिळालेत कुठे? बझाराकीवर (इथली जाहिरातींची साइट) दिसतात ते सगळे मागितलेले भाव असतात, ते बघून लोक आपला भाव ठरवतात, त्यांचा बघून तिसरा ठरवतो. शिवाय एकच घर चार एजंटांकडे आणि चारही ठिकाणी किंमत वेगळी, घेणारा काय बावळट आहे का, तो सगळ्यात कमी आकड्यापासूनच बोलणी सुरू करतो.

काळा कोट

तुम्ही सगळे भाव-भाव करताय, पण कागद कुठे आहेत? इथे विक्री अडते ती टायटल डीडवर, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावर. तेजीच्या काळात बिल्डरांनी जमीन बँकेला गहाण ठेवून त्यावर घरं बांधून विकली, घेणाऱ्याने पूर्ण पैसे भरले आणि डीड मात्र नावावर झालंच नाही. त्यासाठी २०१५ ला खास अडकलेल्या खरेदीदारांचा कायदा करावा लागला. करार लँड रजिस्ट्रीत जमा केलेला असेल तर निदान हक्क शाबूत राहतो, पण डीड नसलेलं घर विकणं म्हणजे आपला करार दुसऱ्याच्या नावे करून देणं, त्यात बिल्डर मधे येतो, वेळ जातो, पैसे जातात आणि गिऱ्हाईकाचा वकील पहिल्याच भेटीत सांगतो, नको यात पडू.

डीड असलं तरी पुढचं बघा. परवानगीपेक्षा जास्त बांधलेलं, झाकून घेतलेला व्हरांडा, नकाशात नसलेला पूल, यांची नोंद डीडवर येऊ शकते. पाफोसकर, तुमच्या आजोबांनी त्या पर्गोलाचे पैसे भावात धरलेत ना, बिनपरवान्याचा असेल तर तो भाव वाढवत नाहीये, कमी करतोय.

शंकासुर

मग हा सगळा ताप नको म्हणून उत्तरेत, तुर्कांच्या ताब्यातल्या भागात, का घेत नाहीत लोक? किरेनियाकडे पौंडातच भाव सांगतात, स्वस्तही आहे, समुद्र तोच.

काळा कोट

शंकासुर, नावाला जागलात. समुद्र तोच, पण जमीन कोणाची? १९७४ ला तिथून हाकललेल्या ग्रीक सायप्रियटांची मालकी दक्षिणेच्या कायद्याने अजून जिवंत आहे. लापिथोसला अशा जमिनीवर घर बांधलेल्या एका ब्रिटिश जोडप्याची केस युरोपियन कोर्टापर्यंत गेली, २००९ ला निकाल आला की सायप्रसच्या कोर्टाचा हुकूम ब्रिटनमध्येही लागू होतो. म्हणजे उत्तरेतल्या घरापायी इंग्लंडमधल्या घरावर टाच! शिवाय २००६ पासून अशी जमीन मालकाच्या संमतीशिवाय विकणं दक्षिणेत फौजदारी गुन्हा आहे आणि २०२४ पासून त्याखाली अटकाही व्हायला लागल्यात. स्वस्त आहे ते उगाच नाही. (आता यावरून धाग्याचं काश्मीर करू नका, मूळ विषयावर या.)

पाफोसकर

आभार काळा कोट. काका, तुमच्या थांबा-थांबाला अजून एक उत्तर राहिलंय. थांबायचं ते कोणासाठी? ब्रेक्झिटआधी ब्रिटिश माणूस युरोपियन नागरिक होता, यायचा, घ्यायचा, राहायचा. २०२१ पासून तो तिसऱ्या देशाचा. घर घ्यायला सरकारी परवानगी, आणि नुसतं घर घेऊन १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, बाकीसाठी रेसिडेन्सी, म्हणजे राहण्याचा परवाना. आता रेसिडेन्सीचा जो झटपट मार्ग आहे, ३ लाख युरो अधिक व्हॅटवाला, त्यात राहतं घर दाखवायचं तर बिल्डरकडून पहिल्यांदा विकलं जाणारं नवीनच लागतं. म्हणजे त्या मार्गाने येणारा पैसेवाला माणूस आपल्या आजोबांच्या जुन्या बंगल्याकडे येणारच नाही, त्याच्यासाठी तो बंगला अस्तित्वातच नाही. आणि लोक खुशाल म्हणतात की चिनी येतील, इस्रायली येतील, घेतील.

हिशेबनीस

हे बरोबर, पण जुन्या घराची एक जमेची बाजू कोणी सांगतच नाही गिऱ्हाईकाला. नवीन घर ३ लाखाचं घेतलं आणि सवलतीचा ५ टक्के दर लागू होत नसेल तर १९ टक्क्याने ५७ हजार व्हॅट. जुन्यावर व्हॅट नाही, फक्त ट्रान्सफर फी. ८५ हजारापर्यंत ३ टक्के, पुढच्या ८५ हजाराला ५, त्यापुढे ८, आणि त्याच्या निम्मीच भरायची. ३ लाखाला होतात ८,६०० युरो, नवराबायकोने दोघांच्या नावावर निम्मं निम्मं घेतलं तर ५,८०० च. हे ज्या एजंटला समजावून सांगता येतं त्यालाच घर द्या. पाच टक्के घेणार, वर त्याच्यावर व्हॅट, म्हणजे ३ लाखाला १७,८५० युरो, मग निदान एवढं तरी बोलू दे त्याला. आणि हो, विकणाऱ्याने नफ्यावरचा २० टक्के कॅपिटल गेन्स कर विसरू नये, राहत्या घराला ठरावीक रकमेपर्यंत सूट आहे पण अटी आहेत, पूल-किचनची बिलं तिथे उपयोगी पडतात. भावात नाही पडत.

खडूस काका

बिलांचं पटलं. कागद आधी नीट करा हेही पटलं, पर्गोलाचं तर मी उद्याच आमच्या शेजाऱ्याला सांगतो. पण पहिल्याच दिवशी शेवटचा भाव सांगायचा हे काही पटत नाही. गिऱ्हाईक ब्रिटिश असो की कुठलं, सांगितलेल्या भावात कमी करून घेतल्याशिवाय त्याला झोप येत नाही. तुम्ही २ लाख ९० सांगितलेत तर तो २ लाख ६५ म्हणणारच, मग?

मीनल_लार्नाका

मग २ लाख ९९ लावा काका, ४ लाख २० नका लावू. एवढंच चाललंय इथे.

खडूस काका

३ लाख १५. त्याखाली नाही.