भाच्याला एजंट सांगतोय, "पोचल्यावर असायलम टाक"

कोपरीची_सुनंदा
भाचा ऐरोलीला असतो, डिप्लोमा झालाय. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर कॅनडाला जायचं, उतरलं की असायलम टाकायचं, म्हणजे निर्वासित म्हणून आश्रयाचा अर्ज, केस चालेल तोवर वर्क परमिट. बहीण दागिने गहाण ठेवायला निघालीय. खरंच होतं का असं?

नेरुळ_इमिग्रेशनवाली
सुनंदाताई, अर्धं खरं आहे, म्हणूनच मुलं फसतात. केस चालू असताना कामाचा परवाना मिळू शकतो. पण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळाची रास्त भीती असेल तरच माणूस निर्वासित ठरतो, निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात तसं लिहिलंय. नोकरी नाही, हे कारण त्यात बसत नाही. म्हणजे भाच्याला जिवाला धोका असल्याचं खोटं सांगावं लागणार.

बाकीचे जातात म्हणाल, तर आपल्याकडची गर्दी रस्ता कुठे मोकळा आहे ते बघून वळते. २०२२ मध्ये सर्बियाला आपल्याला व्हिसा लागत नव्हता. हजारो पोरं बेलग्रेडला उतरून ऑस्ट्रियात गेली, असायलमचे अर्ज टाकले, बहुतेक फेटाळले गेले. १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने व्हिसा लावला आणि लोंढा आटला. छळ एका रात्रीत थांबला होता का? २०२३ च्याच डिसेंबरात मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला निघालेलं ३०३ जणांचं विमान फ्रान्समध्ये अडवलं. त्यातले २७६ मुंबईलाच परत उतरले.

मला याचा फार राग येतो. खरे पळालेले बहुतेक शेजारीच अडकतात, सीरियाचे तुर्कस्तान-लेबनॉनमध्ये, व्हेनेझुएलाचे कोलंबियात. पुढे श्रीमंत देशापर्यंत पोचायला पैसा लागतो. त्यातून जो पोचतो, त्याची सुनावणी अशा बनावट फायलींमुळे लांबते.

कळवा_पूर्व
माझा चुलतभाऊ याच फेऱ्यात आहे. काका गेले तेव्हा येता आलं नाही. ज्या देशात जिवाला धोका सांगितला तिथेच परतलं तर केस संपते, एजंटने हे सांगितलंच नव्हतं.

कोपरीची_सुनंदा
ताई, त्याने पन्नास हजार आणि पासपोर्ट घेऊन ठेवलाय.

नेरुळ_इमिग्रेशनवाली
पैशाचं नंतर बघू. उद्याच दोघी-तिघी जा आणि आधी पासपोर्ट ताब्यात घ्या. दिला नाही तर तिथूनच पोलीस ठाणं गाठा. आणि भाच्याला सांगा, कोऱ्या कागदावर सही करू नकोस.