मदत हवी आहे: आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) फक्त गरम नळाला सडक्या अंड्यांचा वास

मिशिगनकर: हिवाळाभर उभी असलेली आरव्ही. टाकी ४० गॅलन, हीटर ६ गॅलनचा, ॲनोड रॉडवाला (हीटरऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी). नळ्या गोठू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ धुऊन काढलं, ब्लीचचं पाणी रात्रभर ठेवलं, गरम-थंड सगळ्या नळांना क्लोरिनचा वास आला होता. तरी आता गरम पाणी घाण वास मारतंय. थंड ठीक. काय राहिलं?

पान्हा१९: ब्लीच फिरवताना हीटरचा बायपास (पाणी हीटर टाळून वळवणारे व्हॉल्व्ह) कसा होता?

मिशिगनकर: हिवाळ्यात होता तसाच. गरम पाणी लागलं तेव्हा फिरवला.

पान्हा१९: मग हीटर कोराच राहिला. बायपासवर असताना गरम नळालाही थंडच पाणी हीटरला वळसा घालून येतं, म्हणून क्लोरिनच्या वासाने फसायला होतं. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. सल्फेटवर जगणारे जिवाणू मॅग्नेशियमच्या ॲनोडपाशी फोफावतात.

गॅस आणि वीज दोन्ही बंद करून हीटर पूर्ण गार होऊ द्या. पंप बंद, बाहेरचं पाणीही बंद. गरम नळ उघडून दाब सोडा, मगच १ १/१६ इंची सॉकेटने रॉड काढा. उलट केलंत तर उकळतं पाणी अंगावर येईल. आतला गाळ धुऊन काढा. रॉड तीन चतुर्थांश झिजला असेल तर बदला. वास परत परत येत असेल तर ॲल्युमिनियमचा घ्या. आट्यांना टेफ्लॉन टेप.

आता ब्लीच. बिनवासाचं, साधं. बाटलीवर ७.५% असेल तर साधारण १२० मिली, ६% असेल तर १५०. हीटर भरल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरायची हे यात धरलंय. साधारण ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग क्लोरिन) होतं. बादलीभर पाण्यात मिसळूनच टाकीत ओता. बायपासला तीन व्हॉल्व्ह असतील तर मधला बंद, बाजूचे दोन्ही उघडे. गरम नळ फुसफुसायचा थांबून सलग धार लागली की हीटर भरला. बाहेरचा शॉवर विसरू नका. किमान ४ तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा, हीटरसकट.

गाळणी: माझी थोडी भर. कार्बन फिल्टर आधी काढा, तो क्लोरिन खाऊन टाकतो. आणि ब्लीचसोबत व्हिनेगर कदापि नको, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

मिशिगनकर: ब्लीच मुरत असताना हीटर चालू ठेवू का?

पान्हा१९: नको. धुऊन ताज्या पाण्याने भरल्यावरच. रिकामा असताना तर बटणाला हातच लावू नका, विजेचं एलिमेंट लगेच जळतं.