हात धुताना बोटं वर की खाली?

नर्सिंग असिस्टंटच्या प्रॅक्टिकलची तयारी चालूय, मैत्रीण म्हणते हात धुताना बोटं वर धरायची, मॅडम म्हणतात खाली, नक्की काय?

— मॅडम बरोबर. बोटं वर हे ऑपरेशनआधीच्या स्क्रबसाठी (कोपरापर्यंत हात घासून धुणं), वॉर्डात बोटं कोपरापेक्षा खाली म्हणजे घाण पाणी कोपराकडे चढत नाही. साबण लावून किमान २० सेकंद चोळा, अंगठा नि नखांच्या कडा हमखास राहतात

— नळ कोरड्या पेपर टॉवेलने बंद करा हां, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात 😄

— मग सारखं धुण्यापेक्षा सॅनिटायझर चालेल का?

— हात दिसायला स्वच्छ असतील तर चालतं, पण सी डिफिसिल (आतड्यातला एक जंतू) मुळे झालेल्या जुलाबाचा पेशंट असेल तर साबण-पाणीच, त्या जंतूचे स्पोअर (टणक कवचातलं त्याचं रूप) सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत. आणि ग्लोव्हज काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच